भाडं कमी का आलं, ते ऐक

काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "ताई, पाच तारखेला वीस हजार यायला हवे होते. तेरा हजार सातशे साठच आलेत. हा नवा मुलगा पैसे खातोय का?" मग मध्ये जरा थांबलीस आणि आवाज उतरवून विचारलंस, "तुझे पूर्ण आले का गं?"

आले. वीसच्या वीस आले. आणि तुझ्या त्या थांबण्यामुळेच मी फोन न करता सावकाश लिहायला बसलेय. फोनवर तू "असू दे, असू दे" म्हणशील आणि मनात काहीतरी राहील. बहिणी-बहिणींत पैशावरून राहिलेली गोष्ट लोणच्यासारखी मुरते. चहा घे आणि नीट वाच.

आईच्या कोथरूडच्या फ्लॅटवर आपल्या दोघींची नावं आहेत, अर्धं तुझं, अर्धं माझं. भाडं चाळीस हजार. तुला-मला हे एक घर दिसतं, पण प्राप्तिकर खात्याला तिथे दोन घरमालकिणी दिसतात. वाटे ठरलेले असले की प्रत्येकीच्या वाट्याचा हिशेब वेगळा. मी इथे राहते म्हणून 'निवासी'. निवासी मालकाला महिन्याला पन्नास हजारांहून जास्त भाडं देत असेल तरच साध्या घरगुती भाडेकरूला कर कापावा लागतो, तोही २ टक्के. माझे वीस हजार त्या रेषेच्या खूप खाली आहेत. तू 'अनिवासी', आणि अनिवासी मालकाला ती रेषाच नाही. भाडं पाच हजार असलं तरी भाडेकरूनं आधी कर कापायचा आणि उरलेलं द्यायचं. दर ३० टक्के, त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. वीस हजारांवर ६,२४०. वजा करून बघ, तुझे १३,७६० येतात.

आई असती तर म्हणाली असती, एकाच डब्यातल्या लाडवांना दोन भाव कसे? पण आहेत.

तुला वाटेल, अमेरिकेचा पासपोर्ट घेतला म्हणून ही शिक्षा. तसं नाही गं. शपथ घेतलीस त्या रात्री निळा पासपोर्ट हातात धरून रडली होतीस, मला आठवतंय. प्राप्तिकराला पासपोर्टाचं सोयरसुतक नाही, तो दिवस मोजतो. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले तर निवासी. एरवी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस राहिलं तरी माणूस निवासी ठरतो. पण आईवडील किंवा आजी-आजोबा इथले असलेल्यांना भेटीला आल्यावर ६० ऐवजी १८२ दिवसांची मोकळीक आहे. इथलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर गेलं तर ती १२० वर येते, तो आपला प्रश्न नाही. म्हणून आईच्या शेवटच्या आजारपणात तू साडेचार महिने इथे होतीस तरी त्या वर्षीही अनिवासीच राहिलीस. उलट दुबईत नोकरी करणारा आणि भारतीय पासपोर्ट खिशात असलेला आपला मावसभाऊही अनिवासीच आहे. त्याच्याही भाड्यातून हेच ३१.२ टक्के जातात.

आता एक कबुली देते. तुला आजवर सांगितली नव्हती.

आधीच्या भाडेकरूच्या वेळी तुला पूर्ण वीस हजार यायचे, ते बरोबर नव्हतं. चूक माझी. एजंटानं विचारलं होतं, "दोन्ही मालक इथलेच ना?" मी म्हटलं, हो, आमच्या आईचंच घर आहे. प्रश्न काय होता आणि मी उत्तर काय दिलं! तू परदेशी राहतेस हे सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या मुलानं घरभाडे भत्त्यासाठी ऑफिसात आपल्या दोघींचे पॅन दिले. दीड वर्षानं एका संध्याकाळी तो दारात उभा. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फोन, फोनवर नोटीस. "काकू, मी भाडं कधी एक दिवस तरी उशिरा दिलंय का हो?"

खरंच दिलं नव्हतं. पण कायद्यात गोम अशी आहे की कर तुझ्या उत्पन्नावरचा आणि तो कापायची जबाबदारी त्याच्यावर. कापला नाही तर खातं आधी त्यालाच पकडतं. न कापलेला कर, वर दर महिन्याला एक टक्का व्याज, आणि विवरणपत्र उशिरा भरल्याचे दिवसाला दोनशे रुपये. कर रिटर्न भरून परत मागता येतो. व्याज आणि ते रोजचे दोनशे परत मिळत नाहीत. तो पोरगा घाबरून पांढरा पडला होता. मी आमच्या सीएकडे नेऊन सगळं भरलं, माझ्या खात्यातून. आईचं वर्षश्राद्ध त्याच महिन्यात होतं, तुला त्या वेळी कळवावंसं वाटलं नाही. आता कळवते, कारण नवा करार करताना मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की यातली एक मालकीण न्यू जर्सीला असते.

त्यावर एजंटाचं तोंड बघायला हवं होतंस. "ताई, मग भाडेकरू मिळायला वेळ लागेल." त्याचंही चुकत नाही. शेजारच्या विंगमध्ये साठ हजार भाड्याचा फ्लॅट आहे, मालक पुण्यातलेच. तिथला भाडेकरू स्वतःच्या पॅनवर वर्षातून एकदा दोन टक्के भरतो आणि मोकळा होतो. आपल्याकडच्या मुलाला मात्र आधी टॅन काढावा लागला, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर. मग कापलेला कर दर महिन्याला पुढच्या सात तारखेच्या आत भरायचा, दर तिमाहीला विवरणपत्र द्यायचं आणि तुला कपातीचं प्रमाणपत्र द्यायचं. सीएच्या ऑफिसात अजून सगळे सत्तावीस क्यू आणि सोळा ए म्हणतात, मीही तेच म्हणते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा आला. कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा नेटवर कलम १९५ वाचून गोंधळू नकोस. हिशेबाची रीत तीच आहे.

एका कारकुनाचं काम त्या मुलानं फुकट का करावं? म्हणून करारात मी लिहून घेतलं: कर तो कापेल, पण टॅन आणि तिमाही कागदपत्रं आपला सीए करेल आणि त्याची फी आपण देऊ. फी तुझ्या वाट्यातून घेणार आहे, तेवढी मोठी मी नाही. करार रजिस्टर केलाय. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्स लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावरच आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू म्हणेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. तू वकिलातीतून केलेलं मुखत्यारपत्र इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मी मुद्रांक भरून घेतलं होतं, म्हणून तुझ्या वतीनं अंगठा मला लावता आला.

आता मुद्द्याची गोष्ट. हे कापलेले पैसे गेले असं समजू नकोस. तो तुझा खरा कर नाही, खात्यानं आगाऊ धरून ठेवलेली रक्कम आहे. हिशेब करून दाखवते.

वर्षाचं तुझं भाडं २,४०,००० रुपये. महापालिकेचा मिळकतकर १८,००० भरला, त्यातला तुझा अर्धा ९,००० वजा. (आई राहत होती तेव्हा स्वतः राहण्याची चाळीस टक्के सवलत मिळायची, भाड्यानं दिल्यावर ती गेली.) राहिले २,३१,०००. त्यातून सरसकट ३० टक्के वजावट, म्हणजे ६९,३००. ही वजावट घेताना पावत्या दाखवायच्या नसतात. रंग काढलास, नळ बदललास किंवा काहीच केलं नाहीस, तरी तीस टक्के. सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू ठेवला म्हणून घेतात ते बिनभोगवटा शुल्क, एजंटाचं कमिशन, सगळं त्या तीस टक्क्यांतच आलं, वेगळं मागता येत नाही. कर्ज असतं तर त्याचं व्याजही वजा झालं असतं. आपलं कर्ज बाबांनीच फेडलं. उरले १,६१,७००.

नव्या करपद्धतीत पहिल्या चार लाखांवर कर नाही, आणि ही मर्यादा अनिवासींनाही आहे. म्हणजे तुझा कर शून्य. वर्षभरात कापले जातील ७४,८८०. रिटर्न भरलंस की सगळे परत, वर महिन्याला अर्धा टक्का व्याज. नाही भरलंस तर ते पैसे तिथेच राहतील. माझ्या ओळखीत दोन-तीन जणी अशा आहेत की दहा-दहा वर्षं टीडीएस कापला जातोय आणि त्या म्हणतात, "कर गेला ना, मग रिटर्न कशाला?" अगं, उलट आहे! कर गेलाय म्हणूनच रिटर्न. मागच्या वर्षांचं रिटर्न भरायची मुदतही संपत जाते.

आणि इथे एक खड्डा आहे, त्यात अगदी शिकलेली माणसं पडतात. बारा लाखांपर्यंत कर नाही, असं सगळीकडे छापून आलं. ते निवासी माणसांसाठी आहे. तिथे कर आधी लागतो आणि मग विशेष सूट देऊन शून्यावर आणतात. ती सूट अनिवासींना नाही. उद्या तुझं इथलं करपात्र उत्पन्न सहा लाख झालं, तर चार लाखांवरच्या दोन लाखांवर ५ टक्के आणि उपकर मिळून १०,४०० भरावे लागतील. तेवढ्याच उत्पन्नावर मी एक रुपयाही भरणार नाही. तुझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या इथल्या खात्यावर ठेव ठेवायची म्हणतेस, तेव्हा हे लक्षात ठेव. तिच्या व्याजातूनही बँक तसाच कर कापेल.

खात्यावरून आठवलं. भाडं एनआरओमध्येच घ्यायचं. तुझं ते कॉलेजातलं जुनं बचत खातं अजून चालू आहे का? परदेशी स्थायिक झाल्यावर साधं निवासी खातं तसंच ठेवणं परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. आणि तुझी ती मैत्रीण भाडं सरळ तिच्या आईच्या खात्यात घेते, "आई रिटर्न भरते ना" म्हणून. घर मैत्रिणीचं असेल तर उत्पन्न मैत्रिणीचंच. पैसे कोणाच्या खात्यात पडले यानं मालक बदलत नाही. तिला माझं नाव न घेता सांग, माझ्याशी ती नीट बोलत नाही.

एनआरओमधून अमेरिकेला पैसे न्यायचे असतील तर भाड्यासारखं चालू उत्पन्न कर भरून झाल्यावर नेता येतं. घर विकून आलेल्या पैशाची वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा त्याला लागत नाही. बँकेला एक घोषणापत्र द्यायचं, ज्याला सगळे पंधरा सीए म्हणतात. वर्षाला पाच लाखांच्या आत असेल तर सीएचा दाखलाही लागत नाही. तुझे दोन-अडीच लाख त्यात आरामात बसतात.

मग दर महिन्याला सहा हजार अडकवायचेच कशाला, असं विचारशील. त्यावर उपाय आहे. तुझा खरा कर शून्य आहे असं दाखवून खात्याकडून कमी कपातीचा दाखला ऑनलाइन काढता येतो. तो मिळाला की भाडेकरू त्यात लिहिलेल्या दरानंच कापतो. पण दाखला त्याच भाडेकरूच्या टॅनवर, त्याच आर्थिक वर्षापुरता आणि मिळाल्या दिवसापासून पुढेच चालतो. अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू बदलत राहिले तर तो दरवर्षी नव्यानं काढायचा. माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष कापू दे. एक रिटर्न भरलेलं, एक रिफंड आलेला, एवढं कागदावर झालं की पुढच्या वर्षीचा दाखला सोपा जाईल. आणि खरं सांगू? तुझ्या हातात पैसा टिकत नाही. वर्षाचे पाऊण लाख एकरकमी आले तर बरंच आहे.

रिफंड यायला मात्र एक गोष्ट हवी. तुझा पॅन आधारशी जोडलेला नाही. अनिवासींना आणि परदेशी नागरिकांना ते सक्तीचं नाही, हे खरं. पण पोर्टलवर तुझ्या नावापुढे अजून 'निवासी' असेल तर यंत्राला ते कसं कळणार? ते पॅन निष्क्रिय ठरवतं, आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड निघत नाही. तेव्हा या शनिवारी बस, पोर्टलवर निवासी दर्जा बदल, एनआरओ खातं जोडून ते पडताळून घे. रिटर्न आयटीआर-२ भरायचं. सोपा वाटणारा एक नंबरचा फॉर्म अनिवासींना चालत नाही. तारीख ३१ जुलै. भरल्यावर तीस दिवसांत पडताळणी. तुझ्याकडे आधारचा ओटीपी नाही, म्हणून नेट बँकिंगनं कर, नाहीतर सही केलेला कागद बंगळुरूला टपालानं जायला हवा. आयटीआर-व्ही सही करून माझ्याकडे पाठवून ठेवतेस आणि मी तो देवघराच्या खणात विसरते, असं परत नको.

अमेरिकेचं काय, हे तुझ्या तिथल्या अकाउंटंटला विचार. पण त्याला काय विचारायचं ते मी सांगते. तू तिथली नागरिक, म्हणून जगभरचं उत्पन्न तिथे दाखवायचं, कोथरूडचं भाडंसुद्धा. तिथे आपली सरसकट तीस टक्के वजावट चालत नाही, झालेला खर्च दाखवावा लागतो. म्हणून मेंटेनन्सच्या, दुरुस्तीच्या पावत्या मी ठेवतेय. इथे त्यांचा उपयोग नाही, तुला तिथे आहे. शिवाय तिथे इमारतीचा घसारा मिळतो, परदेशी घराचा तीस वर्षांत पसरून. वारशानं आलेल्या घराला आई गेली त्या दिवसाची बाजारकिंमत धरतात, जमीन वगळून. त्यासाठी त्या तारखेचा मूल्यांकनाचा दाखला लागेल. तो मी काढायला टाकलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "इथे ७४,८८० कापले गेले, तिथे त्याचं क्रेडिट घेऊ आणि भारतातलं रिटर्न सोडून देऊ," असा विचार तुझ्या डोक्यात येईल. मी तुला ओळखते. ते चालत नाही. भारतात परत मिळू शकणारा कर अमेरिका 'भरलेला कर' मानत नाही. क्रेडिट फक्त खऱ्या देण्याचं, आणि तुझं खरं देणं शून्य आहे. म्हणजे आळस केलास तर इथे पाऊण लाख सोडशील आणि तिथेही कर भरशील. एनआरओ आणि बाकी सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एखाद्या दिवशीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा अहवालही द्यायचा असतो. तो विसरलेल्यांना पडणारा दंड मोठा असतो.

आपल्या देशानंच परदेशातल्या मालकाला असं धरलंय असंही नाही. तुझ्या अमेरिकेत परदेशी माणसाचं घर भाड्यानं असेल तर तीस टक्केच कापतात, तेही सगळ्या भाड्यावर. निव्वळ उत्पन्नावर कर भरायचा पर्याय मालकानं स्वतः निवडावा लागतो. ब्रिटनमध्ये मालक देशाबाहेर असला की एजंट वीस टक्के कापतो, आणि एजंट नसेल तर आठवड्याला शंभर पौंडांहून जास्त भाडं देणारा भाडेकरू. सगळीकडे भीती एकच, की मालक दूर आहे, पैसे घेऊन बसला तर पकडायचं कोणाला. म्हणून जवळ सापडतो तो भाडेकरू धरायचा.

आणि तो, म्हणजे आपला नवा मुलगा, पैसे खात नाहीये. तुझे ६,२४० त्यानं भाड्याच्या दिवशीच भरले, सात तारखेची वाट न बघता. चलन मला पाठवलंय. तुझा पॅन, रक्कम, तारीख, सगळं बरोबर आहे.